विहीणबाईंचा दुसरा गिअर

“मामा, ही गाडी तू स्वतः शेवटची कधी चालवलीस?”

प्रश्न एवढाच. पण तो विचारायला ढापणी आणि लंबू या माझ्या दोन जिवलग मैत्रिणींनी मला पुरतं पिडलं होतं. तू फक्त आमच्यासमोर वाघीण, मामासमोर गेलीस की शेपूट घालणार, असं रोज डब्याच्या सुट्टीत ऐकवायच्या. गेल्या वर्षीपर्यंत ते खरंही होतं. पाणी प्यायला जाऊ का, हेसुद्धा मी बाईंना अर्ध्या आवाजात विचारायचे. मग वादविवाद स्पर्धेत मी दहावीच्या दोन मुलांना भर सभागृहात गप्प केलं आणि तेव्हापासून मला गप्प करणं कुणाला जमलेलं नाही.

तर प्रश्न मी विचारला, आणि वेळही अशी साधली की बस. मामाच्या टाइल्सच्या शोरूमचा वर्धापनदिन होता. सरबताचे ग्लास हातात धरून खूप गिऱ्हाइकं जमली होती आणि मामा गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून आपली नेहमीची गोष्ट रंगात येऊन सांगत होता.

ही गाडी म्हणजे आजोबांची, माझ्या आईच्या वडिलांची. गडद हिरवी, टप सायीच्या रंगाचा, पुढे ताटाएवढे दोन दिवे. आजोबा तिला विहीणबाई म्हणायचे, कारण मानपानात जरा कमी पडलं की ती रुसून भर रस्त्यात बसायची. आता ती शोरूमच्या दर्शनी काचेमागे असते, सगळ्यात महागड्या पांढऱ्या टाइल्सवर. भोवती लाल दोर, पुढे ‘हात लावू नये’ अशी पाटी. आणि खाली लाकडी ठोकळे, म्हणजे चाकं जमिनीला टेकतसुद्धा नाहीत. 

मामाची गोष्ट अशी : घाटात दाट धुकं होतं, उतारावर ब्रेक गेले, शेजारी आजोबा डोळे मिटून बसले होते आणि मामाने डोकं शांत ठेवून, नुसत्या गिअरवर, विहीणबाईंना वळणावळणाने खाली उतरवलं. ऐकणारे श्वास रोखतात. नंतर बहुतेक जण बाथरूमच्या टाइल्सची मोठी ऑर्डर देतात.

गोष्ट खरी आहे. फक्त गाडी आई चालवत होती. मामा मागच्या सीटवर उलट्या करत होता.

आजोबांनी दोघांना शिकवायचा प्रयत्न केला होता. या गाडीचा गिअर एकदा क्लच दाबून पडत नाही. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, परत दाबायचा आणि मग पुढच्या गिअरमध्ये घालायचा. वरच्या गिअरमधून खालच्यात येताना मध्ये थोडा अ‍ॅक्सिलरेटरही द्यावा लागतो, आणि तो किती, हे पायालाच कळावं लागतं. आईच्या पायाला ते पहिल्याच दिवशी कळलं. मामाच्या पायाला कधीच नाही. तो गिअर टाकायला गेला की असा कर्कश आवाज यायचा की आजोबा म्हणायचे, बघ, शिव्या देतायत बाई तुला.

आजोबा गेले तेव्हा मी तान्ही होते. आई दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, तिथे सायकल लावायची मारामार. मामा म्हणाला, ताई, तुझ्याकडे रस्त्यावर सडेल ती, माझ्याकडे ठेवतो, चालवावीशी वाटली की ये आणि किल्ली घेऊन जा. पुढे आई खरंच गेली किल्ली मागायला. तोवर ठोकळे लागले होते, बॅटरी काढून ठेवली होती. मामा तिला म्हणाला की अशा गाड्या आता चालवायच्या नसतात, जपायच्या असतात, आणि हसत पुढे म्हणाला की तसंही, बाईमाणसाने एवढं अवजड धूड घेऊन हिंडणं बरं दिसतं का? आई परत आली ती रिकाम्या हातांनी. त्यानंतर तिने विषय काढला नाही. शोरूमवरून बस गेली की ती दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघते. हे मी लहानपणापासून बघत आलेय आणि मनात साठवत आलेय.

म्हणून तो प्रश्न.

मामा जराही गडबडला नाही. म्हणाला, अगं काढतो की अधूनमधून, पहाटे, तू घोरत असतेस तेव्हा. सगळे हसले. मीही हसले, आणि दप्तरातून कागद काढून मोठ्याने वाचायला लागले. पुढच्या महिन्यात शहरात जुन्या गाड्यांची फेरी निघणार होती. अट अशी की गाडी ट्रकवर लादून आणायची नाही, ती स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे, आणि चालवणारा पगारी ड्रायव्हर नको, मालक किंवा त्याच्या घरचं कुणीतरी हवं. एक वयस्कर आर्किटेक्ट, मामाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, खूश होऊन म्हणाले की वा, मग आम्ही सहकुटुंब टाळ्या वाजवायला येणार. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. टाइलच्या फटीतल्या सिमेंटसारखं मामाचं हसू जागच्या जागी वाळलं.

ढापणी नंतर म्हणाली, तू मामाला जिवंत गाडलंस. लंबू म्हणाली, अजून माती टाकायची बाकी आहे.

माती टाकायचं काम पुढे विहीणबाईंनीच केलं. मेकॅनिकने बॉनेट उघडलं तेव्हा आतले रबरी पाइप बिस्किटासारखे तुटून हातात आले. टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा चिकट काढा झाला होता आणि टायर दगड. इतकी जपलेली गाडी मी बापजन्मात पाहिली नाही, असं तो म्हणाला, आणि चेहरा इतका गंभीर ठेवून म्हणाला की मामाला धड रागावताही येईना. सगळं बदलून झाल्यावर मामाने शोरूमच्या मागच्या अंगणात गुपचूप सराव केला. गुपचूप म्हणजे, अख्ख्या गल्लीला कर्र कर्र ऐकू गेलं. शेवटी विहीणबाई मागे जाण्याऐवजी पुढे गेल्या आणि वॉशबेसिनचा एक ढीग भुईसपाट झाला. ही बातमी मला शोरूमच्या वॉचमनने दिली. त्या दिवशी मी शाळेत गाणी गुणगुणत होते.

फेरीच्या आदल्या संध्याकाळी मामा आमच्या घरी आला. आई औषधांच्या दुकानातली ड्यूटी संपवून नुकतीच आली होती. बाबा, ज्यांचं चष्म्यांचं दुकान आहे, टेबलाशी बसून कुणाच्या तरी फ्रेमचा स्क्रू पिळत होते. मामा सोफ्याच्या अगदी कडेवर बसला, पाणी नको म्हणाला, मग दोन ग्लास प्याला, आणि शेवटी बोलला.

“ताई, उद्या तू शेजारी बस ना नुसती. सोबत होईल.”

सोबत! मी आईकडे बघितलं. आता ती त्याला उभा-आडवा सोलणार, अशी माझी खात्री होती. आई म्हणाली, “किती वाजता निघायचं?”

तो गेल्यावर मी घर डोक्यावर घेतलं. तुला मान नाही का, तो तुझ्याकडून उत्तरं कॉपी करून पहिला नंबर मिळवणार आणि तू पेपर उघडा धरून बसणार, असं बरंच काही बोलले. बाबांनी डोकं वर केलं नाही, पण स्क्रू पिळायचं थांबवलं. आईने माझ्या युनिफॉर्मची उसवलेली शिवण हातात घेतली, सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, “तू मागे बस उद्या. आणि तोंड बंद ठेव.”

सकाळी मामा मखमली कोट घालून आला. गाडी मैदानातून निघाली तेव्हा दोन्ही बाजूंना माणसंच माणसं होती. पोरं बापाच्या खांद्यावर बसली होती, गॅलऱ्यांतून फोन पुढे आले होते. आई साध्या कॉटनच्या कुर्त्यात, मांडीवर पर्स ठेवून, समोर बघत बसली होती. ओठ जेमतेम हलत होते. दाब. मध्ये आण. सोड. दाब. टाक. मामा दाबत होता, सोडत होता, टाकत होता. गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडत होते. लोक टाळ्या वाजवत होते आणि मामा त्यांना एका हाताने अभिवादन करत होता, जणू निवडणूक जिंकलाय. चौकात आर्किटेक्ट आणि त्यांचं कुटुंब उभं होतं. त्यांनी अंगठा वर केला. मागच्या सीटवर माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं, रागाने. ढापणी आणि लंबू पुढच्या चढावर थांबणार होत्या, त्यांना मी काय तोंड दाखवणार होते?

तो चढ बाजाराकडे जातो. चांगलाच उभा आहे, आणि त्या दिवशी दोन्ही फुटपाथ भरून वाहत होते. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढाला लागली, गुरगुरली, धापा टाकायला लागली. आता खाली दुसऱ्यात यायला हवं होतं. मामा वाट बघत होता.

आईने पर्स उघडली. रुमाल काढून तिने त्याची नीट घडी केली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. कुणीतरी ओळखीचं दिसावं तशी.

“पुढे काय?” मामा दातांतल्या दातांत म्हणाला.

“तुला माहीत आहे की,” आई म्हणाली. “घाटात तूच चालवली होतीस ना?”

मी तोंड बंद ठेवलं. दोन्ही हातांनी.

मामाने क्लच दाबला आणि गिअर ओढला. तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. पत्र्याच्या दुकानात रेडा शिरावा, तसा. फुटपाथवरच्या लोकांनी कानांवर हात ठेवले. त्याने परत ओढला, परत तेच. विहीणबाईंनी दोन गचके दिले आणि चढाच्या मधोमध बसकण मारली. मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू झाले. मामाने हँडब्रेक गच्च ओढला. कोटाची कॉलर घामाने काळी पडली होती.

“ताई.”

“ऐकू येत नाहीये,” आई म्हणाली. “भोंगे फार वाजतायत.”

“ताई, तू चालव.”

आईने नकाराची मान हलवली आणि फुटपाथकडे बोट दाखवलं. तिथे एवढे लोक होते, त्यांनाही कळायला हवं होतं. मामाने तिच्याकडे बघितलं, मग लोकांकडे, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून, गर्दीला ऐकू जाईल असं, म्हणाला की मला जमत नाही, गाडी माझी ताई चालवेल. मग खाली उतरून, पुढून वळसा घालून, तो आईच्या दाराशी येऊन उभा राहिला.

आई सरकून स्टिअरिंगमागे बसली, मामा तिच्या जागी. चप्पल काढून पर्सखाली ठेवली, इंजिन परत चालू केलं. गाडी मागे केसभरही घसरली नाही. पहिला गिअर, मग दुसरा, आणि विहीणबाई असा आवाज काढत वर गेल्या की जणू इतकी वर्षं हीच ओळखीची पावलं त्या शोधत होत्या. ढापणी रस्त्याच्या कडेला नाचत होती. लंबू नुसती किंचाळत होती. मी मागच्या काचेतून दोघींना सलाम ठोकला.

फेरी संपली त्या मैदानात सूत्रसंचालकाने मामापुढे माइक धरला आणि या गाडीची काही आठवण सांगा म्हणाला. मामाने घसा साफ केला. “आमच्या ताईला ही गाडी मीच शिकवली,” तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. आई खो खो हसली. इंजिन बंद झालं होतं तरी तिचे हात मात्र अजून स्टिअरिंगवरच होते.

मला वाटलं, ठीक आहे, हिशेब मिटला. पण आज शाळेतून येताना मी मुद्दाम शोरूमवरून आले. लाल दोर परत लागलाय, पाटी परत लागलीय. मामा एका नव्या जोडप्याला गोष्ट सांगत होता, आणि गोष्टही नवी : बाजाराच्या चढावर गाडी अडली, ताईचं धाबं दणाणलं, पण मी म्हटलं, घाबरू नकोस, तू बस, मी सांगतो तसं कर.

जेवताना मी हे सगळं मामाच्या आवाजात करून दाखवलं. बाबांना हसू आवरेना. आई हसली नाही. तिने वाढायचं थांबवून एवढंच विचारलं, “ठोकळे लावले परत?”

मी हो म्हटलं. तिने ताट पुढे ओढलं आणि खाली बघून जेवायला लागली. बसच्या दुसऱ्या खिडकीतून बघते तशी.

तेव्हा मी हात धुऊन आले, खुर्ची मागे सरकवली आणि उभी राहिले, म्हणजे दोघांना नीट दिसेन.

“आई, बाबा, माझं ठरलंय. शनिवारपासून मी मामाच्या शोरूममध्ये जाणार. दोराच्या आत, गाडीला टेकून उभी राहणार आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगणार, घाटात कोण होतं आणि चढावर कोण होतं. दर शनिवारी. ज्या रविवारी आई विहीणबाईंना बाहेर काढेल, त्याच्या आदल्या दिवशी मी घरी बसून गणितं सोडवेन, बाबा, तुम्ही काळजी करू नका. मामाला आत्ताच, हात धुवायला गेले तेव्हा, फोन करून कळवलंय. तो म्हणाला, आईला फोन दे. मी म्हटलं, आई जेवतेय, तू आधी ठोकळे काढ.”