पहिला टप्पा

आमच्या मास्तरांनी आयुष्यात कापडाची चिंधी वाया घालवली नाही. तीन शर्टांच्या कापडात ते चौथा काढतात आणि गिऱ्हाईक खूश होऊन गेलं की माझ्याकडे असं बघतात, जणू कापडही यांनीच विणलंय. मीही कौतुकानं मान डोलवायची. तीस वर्षांच्या संसारात डोलवतच आले, तेव्हा चूक माझीही आहे.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टर तिचं स्वरयंत्रच काढणार होते, गुरुवारी सकाळी आठला. त्यानंतर ताई जगणार होती, पण बोलणार नव्हती. भाचीचा फोन आला.

"मावशी, बुधवारी संध्याकाळपर्यंत पोच. आईनं बोलणं बंद केलंय. आवाज पुरवून ठेवतेय. धाकटीशी समोरासमोर बोलायचंय, असं लिहून दिलंय तिनं."

मास्तर लगेच मोबाइल घेऊन बसले. बऱ्याच वेळानं हाक आली, "अगं, गंमत बघ." आमच्या इथून ताईच्या शहराचं तिकीट महाग होतं. पण समुद्रकाठच्या शहरातून निघून, आमच्याच विमानतळावर विमान बदलून तिकडे जाणारं तिकीट निम्म्यात मिळत होतं. आणि इथून पुढचं विमान तेच.

"पण आपण समुद्रावर कशाला जायचं?" मी म्हटलं.

"जायचंच नाही! पहिला टप्पा सोडून द्यायचा, इथूनच चढायचं. आपण पैसे भरलेत. खुर्ची मोकळी गेली तर त्यांच्या बापाचं काय जातंय?"

खोटं कशाला बोलू, मला पटलं. वर मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. खाली बारीक अक्षरांत अटींची लांबलचक यादी होती. मास्तरांनी न वाचताच "मान्य" म्हणून टाकलं.

त्या तिकिटात सामानही न्यायला मनाई होती. म्हणून मास्तरांनी कोटाला आतून चार मोठे खिसे शिवले आणि ताईसाठी केलेले बिनकॉलरचे, समोरून उघडणारे झगे त्यांत कोंबले. हे झगे मात्र त्यांनी हात न आखडता बेतले होते. गळ्याला नळी लागेल म्हणून गळा ऐसपैस ठेवला होता. असे फुगलेले मास्तर घेऊन मी बुधवारी दुपारी विमानतळावर गेले.

काउंटरवरच्या मुलीनं तिकीट बघितलं, पुन्हा बघितलं. "तुम्ही सकाळच्या विमानात चढला नाहीत?"

"नाही. आम्ही इथलेच," मास्तर ऐटीत म्हणाले.

"काका, पहिला टप्पा चुकला की पुढचं तिकीट आपोआप रद्द होतं. तुमच्या जागा दुसऱ्यांना गेल्या."

मास्तर तावातावानं भांडले, मग गयावया करू लागले, मग नवीन तिकीट काढतो म्हणाले. विमान भरलं होतं. त्या दिवशी दुसरं विमान नव्हतं, आगगाडीला दीड दिवस लागणार होता. मुलगी बिचारी वाईट नव्हती. तिनं मला पाणी दिलं, ताईचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, माझ्या हातात काही नाही." कुणाच्याच हातात काही नव्हतं. भांडायला समोर माणूसच नसला की काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

गुरुवारी सकाळच्या विमानाची तिकिटं घेतली. दुपारी पोचणार होतो. मी भाचीला फोन लावला आणि रडत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "थांब, आई फोन मागतेय."

ताईचा आवाज कागद घासल्यासारखा येत होता. "रडू नकोस गं," ती म्हणाली. मग एकेक शब्द ओढत, "ऐक. तुला एक सांगायचं होतं. तू लहान असताना..."

आणि डोक्यावरचा कर्णा गरजला. आमच्याच विमानाची शेवटची सूचना. प्रवाशांनी त्वरित यावं. मी कान दाबला, खांबामागे पळाले. कर्णा थांबला तेव्हा पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"ताई, काय म्हणालीस? परत सांग ना!"

भाची फोनवर आली. "मावशी, आवाज संपला तिचा. प्रयत्न करतेय, पण फुटत नाहीये. नर्स रागावतेय. राहू दे आता."

संध्याकाळी पुन्हा फोन केला, तरी तेच. ऑपरेशन ठरल्या वेळी झालं.

तिसऱ्या दिवशी ताईच्या हातात लिहायला पाटी दिली. झगा तिला छान बसला होता. मास्तर दाराशीच उभे होते, आत यायचं धाडस होत नव्हतं त्यांना. तीन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते, आणि ताईला ते कळलेलं दिसत होतं.

"त्या दिवशी फोनवर काय सांगत होतीस?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. खडू उचलला आणि लिहिलं, "आठवत नाही." मी वाचल्यावर लगेच तळव्यानं पुसूनही टाकलं.

तीन वर्षांची असताना मी तिच्या मनगटाला चावले होते, तेव्हा वार कुठला होता, हेसुद्धा सांगणारी बाई ती.