ताठ पाय

माझ्या धाकट्या बहिणीचं नाव यांटीने. ती जन्मापासून सेरेब्रल पाल्सीची. पाय लाकडासारखे ताठ, आणि त्या ताठपणावरच ती उभी राहायची. व्हीलचेअरवरून उठायचं, भिंतीची दांडी धरायची, गिरकी घेऊन कमोडवर बसायचं. हॉलंडमधल्या ग्रोनिंगनच्या फ्लॅटमधलं तिचं एकटीचं राज्य या गिरकीवर चाललं होतं.

मग वुब्बो आला. नवा फिजिओथेरपिस्ट. सायकल जिन्याखाली लावून वर यायचा आणि कोनमापकाने तिचे गुडघे मोजत च्च च्च करायचा. पाय सैल करणारी इंजेक्शनं घे, असा लकडा त्यानं लावला. तुझ्या कंपासपेटीत मावावेत म्हणून पाय घडवलेले नाहीत, असं तिनं त्याला सुनावलं. पण पेटक्यांनी जीव नकोसा झाला, तेव्हा घेतली. पेटके थांबले, कोन देखणा आला. मग एका सकाळी ती उठायला गेली आणि पोतं सांडावं तशी न्हाणीघरात सांडली.

औषधाचा असर ओसरायला काही महिने लागणार होते. तोवर माणसाला उचलणारं झोळीचं यंत्र वापर, असं वुब्बो म्हणाला. झोळीत बाळं घालतात, असं ती म्हणाली. त्यात नगरपालिकेच्या बाई पाहणीला येणार होत्या. एकटीनं उठता आलं नाही, तर फ्लॅट सोडून सेवागृहात जावं लागणार होतं.

वुब्बो सराव घ्यायला यायचा आणि दोघं कडाकडा भांडायची. तो म्हणायचा, ढुंगण पुढे. ती त्याचा उद्धार करायची आणि त्या तिरमिरीत उभी राहायची. राग आला की तिचं अंग ताठतं, हे पाळण्यापासूनचं. इंजेक्शन मोजक्याच स्नायूंत गेलं होतं. रागाला बाकीचे पुरत होते. मला हे दिसत होतं. वुब्बोला वाटायचं, व्यायामाचा गुण येतोय.

पाहणीच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि नको तेवढा गोड झाला. शाब्बास, सावकाश, घाई नाही. यांटीने दांडीला लोंबकळली आणि खुर्चीत कोसळली. पुन्हा तेच. बाई मायेनं म्हणाल्या, राहू दे, मला समजलं.

मी दारातच होते.

"सोड ना आता," मी म्हटलं. "तुला उचलण्यात आई झिजून मेली. आता माझी पाळी का?"

तिचा चेहरा पांढरा पडला. टाचा फरशीवर आपटल्या, गुडघे खाडकन सरळ झाले. ती उठली, फिरली, बसली. कुणाचा हात नाही.

"दार लाव," ती मला म्हणाली. "बाहेरून."

फ्लॅट तिचाच राहिला. जिन्यात वुब्बोनं विचारलं, मुद्दाम बोललीस ना? मी मान डोलावली. मग तिला सांग की, तो म्हणाला, जणू ते गुडघा मोजण्याइतकं सोपं होतं.

त्याच आठवड्यात मी तिच्याकडे गेले. तिनं कॉफी दिली, सोबत एकच बिस्किट. राग यावा म्हणूनच बोलले, असं मी सांगितलं.

"ते तेव्हाच कळलं. मी पांगळी आहे, बावळट नाही," यांटीने म्हणाली. "मुद्दाम बोललीस. पण खोटं बोललीस का?"

आईचे वाकलेले खांदे आम्ही दोघींनीही पाहिले होते. मी बिस्किट कॉफीत बुडवलं. ते तुटून तळाशी गेलं, तरी ती माझ्याकडे बघतच राहिली.