मावशींची लाल रिबीन

मित्रांनो, आज माझी लांबी साडेअकरा इंच आहे. पूर्वी बारा होती. एका जाड पुस्तकात खुणेसाठी लावलेली मी लाल फीत. पुस्तक आहे ख्रिस्ती लोकांचं पवित्र शास्त्र, आणि मला त्यात बसवलं ते पुस्तकं बांधणाऱ्या काकांनी. त्यांनी मला रिळावरून कापलं, एक टोक पुस्तकाच्या पाठीत चिकटवलं, दुसरं मोकळं सोडलं आणि आपल्या बायकोला म्हणाले, "घे. आता खुणेसाठी पानांचे कान दुमडायचं बंद कर."

ही बायको म्हणजे आमच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी. चाळीस वर्षं त्या संध्याकाळी मोठ्याने वाचायच्या आणि काका हातावरची खळ पुसत ऐकायचे. मी जिथे जास्त दिवस राहिले, तिथे माझा रंग थोडा उतरला. असे सत्तावीस फिकट डाग त्या पुस्तकात आहेत. मग काका आजारी पडले आणि गेले. त्यानंतर मी एकाच पानात तीन वर्षं पडून होते. मावशी पुस्तकावरची धूळ पुसायच्या, पण ते उघडायच्या नाहीत.

पुढे वरच्या खोलीत एक मुलगी राहायला आली. ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती, म्हणून मावशींनी तिचं नाव ठेवलं परीक्षानळी.

"मावशी, मशीन चालवताना तुम्ही काय पुटपुटता?" तिने एकदा विचारलं.

"प्रार्थना."

"ती ऐकतं कोण?"

"मी सांगून तुला थोडंच पटणार! तू सगळं बाटलीत भरून बघणारी. स्वतः वाच." मावशींनी पुस्तक तिच्या हातात दिलं. "फक्त ही रिबीन हलवायची नाही. आमचं वाचन तिथे थांबलंय."

परीक्षानळीने असलं पुस्तक कधी हाती धरलं नव्हतं. यंत्राची माहितीपुस्तिका वाचावी तसं तिने पहिल्या ओळीपासून, पेन्सिल घेऊन सुरू केलं. माणसांची वयं नऊशेच्या घरात गेली तेव्हा तिने वहीत प्रश्नचिन्ह काढलं. कोण कोणाचा मुलगा याचा तक्ता मांडला, तर वहीचं पान अपुरं पडलं. चौथ्या दिवशी दूध उतू जायला लागलं. तिने सवयीने मला ओढून हातातल्या पानात घातलं आणि ती धावली.

मी घट्ट रुतून बसायला हवं होतं. पण खरं सांगते, तीन वर्षांनी उजेड दिसला आणि मी आनंदाने सरकले. ते सुख मला अजून बोचतं.

दूध सावरून ती परत आली आणि जागीच थिजली. बाराशे पानं, आणि माझी जागा कोणती होती ते तिने बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशींनी जिन्यात विचारलं, "रिबीन आहे ना गं जागेवर?"

"आहे."

दोन दिवसांनी नळावर पुन्हा तेच. "आहे ना, मी कशाला हलवेन?"

शनिवारी मावशी कात्री हातात घेऊन दारात आल्या. "परीक्षानळे, नक्की ना?"

"देवाशपथ, मावशी!"

देव आहे की नाही याचा निकाल तिच्या वहीत अजून लागायचा होता, आणि शपथ मात्र घेऊन झाली होती.

रविवारी सकाळी तिने भिंग काढलं. माझं टोक विरलं होतं आणि दोन धागे फाट्यासारखे सुटले होते. जुने डाग सरळ टोकाचे असणार, शेवटचा तेवढा फाटा असलेला, असा तिचा हिशेब. एकेक पान उलटत ती पुस्तकाच्या शेवटच्या भागात पोचली, आणि सत्तावीस डागांपैकी एकावर तिला तो फाटा दिसला. "सापडलं!" ती जवळजवळ ओरडलीच. मला तिथे ठेवलं की संपलं, कुणाला काही कळणार नव्हतं.

पण स्वभावाला औषध नाही. इथेच का थांबले असतील, म्हणून तिने ते पान वाचलं.

गुरूला पकडून नेलंय. बाहेर अंगणात कोळशांचा विस्तव, थंडी, आणि शेकत उभा असलेला त्याचा शिष्य. तू त्याच्याबरोबरचा ना, असं लोक विचारतात. तिने वहीत लिहिलं: पहिल्यांदा, नाही. दुसऱ्यांदा, नाही. तिसऱ्यांदा, नाही. मग कोंबडा आरवतो.

पेन्सिल थांबली. तिचे कान लाल झाले. जिना, नळ, दार.

तिने मला त्या पानात ठेवलं आणि पुस्तक घेऊन ती तडक खाली गेली. "मावशी, रिबीन मी हलवली होती. तीनदा खोटं बोलले. परत लावलीये, पण मला माफ करा."

मशीनचं चाक थांबलं.

"कोंबडा आरवतो तिथे ना?" मावशींनी विचारलं.

"हो."

"त्या दिवशी ते म्हणाले, पुढचं वाच. मी म्हटलं, उद्या. मला शर्टांची वीस काजं करायची होती." त्यांनी कापडावरचा दोरा उगाच झटकला. "दुसऱ्या दिवशी ते शुद्धीत नव्हते, त्यांना ऐकू येत नव्हतं. ही खूण त्यांची नाही गं. माझी आहे."

परीक्षानळी स्टुलावर बसली. "पण मी पुढे वाचलं, मावशी. काही पानांनी पुन्हा कोळशांचा विस्तव येतो, किनाऱ्यावर. मरून पुन्हा उठलेला गुरू मासे भाजतोय. आणि त्याच शिष्याला तो तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम आहे का. जितके नकार तितक्या वेळा. मी मोजलं."

"मला ठाऊक आहे. चाळीस वर्षं वाचलंय."

"मग?"

"त्यांना ऐकवायचं राहिलं ना." मावशींनी चष्मा पुसला, पण घातला नाही. "तू वाच. मोठ्याने."

तिने त्या कोंबड्यापासून सुरुवात केली. किनाऱ्यावरचं पान संपलं तेव्हा मावशींनी स्वतःच्या हाताने मला तिथे आणून ठेवलं. नव्या पानावर अजून माझा डाग पडलेला नाही.

मित्रांनो, तीन वर्षं न हलण्याला मी इमान समजत होते, आणि मावशींचं दुःख दाबून बसले होते. म्हणून एक विनंती आहे. उसन्या पुस्तकातली खूण हलवू नका. हललीच, तर त्याच दिवशी सांगा. आणि घरातलं कुणी "पुढचं वाच" म्हणालं, तर काजं राहू द्या.