इशबेलचं घर

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. चोपन्न पायऱ्या. ग्लासगोच्या गोव्हन भागातल्या या जुन्या दगडी इमारती, लिफ्ट बसवायची म्हटली तरी बसवणार कुठे? एकतीस वर्षं मी त्या पायऱ्या चढले-उतरले, तेव्हा कधी मोजल्या नाहीत. आर्चीच्या फुप्फुसांनी दगा दिला तेव्हा मोजल्या.

आर्ची, माझा नवरा, गोदीत वेल्डर होता. जन्मभर जो धूर छातीत घेतला त्याने म्हातारपणी गाठलं. आधी तो दर मजल्यावर थांबायचा, मग दर सहा पायऱ्यांवर. जानेवारीत तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कोसळला आणि अग्निशमन दलाच्या दोघांनी त्याला खुर्चीत बसवून वर आणला. त्यानंतर तो खाली उतरलाच नाही. खिडकीशी बसून रस्ता बघायचा. "नेटा," म्हणायचा, "आता मला एकदाच खाली नेतील, तेही पेटीतून."

तळमजल्याच्या घरासाठी आम्ही हाउसिंग असोसिएशनकडे, म्हणजे ही भाड्याची घरं देणाऱ्या संस्थेकडे, अर्ज केला त्याला तीन वर्षं होत आली होती. डॉक्टरांचं पत्र जोडलं होतं. या भागात तळमजला रिकामा झाला की पहिला आमचा नंबर, एवढं मला ठाऊक होतं.

आणि आमच्याच जिन्याखाली, तळमजल्यावर, मिसेस रँकिन राहायच्या. वय एक्याण्णव. मागच्या दोन वर्षांपासून त्यांची मुलगी इशबेल त्यांच्याजवळ राहायला आली होती. पेजलीतलं आपलं भाड्याचं घर सोडून आली होती, कारण आई गॅस पेटता ठेवून विसरायला लागली होती. इशबेलला मी ती शाळेत होती तेव्हापासून ओळखते. पंचेचाळिशीची झाली तरी मला अजून आंटीच म्हणायची. आर्ची आजारी पडल्यापासून आमचा बाजारही तीच वर आणून द्यायची. दारात पिशव्या ठेवायची, दम घ्यायची आणि म्हणायची, "आंटी, तुमचा हा जिना म्हणजे व्यायामशाळाच आहे. बघा, माझी कंबर दोन इंच गेली!"

मार्चमध्ये एका सकाळी मिसेस रँकिन झोपेतच गेल्या. इशबेलने खालून हाक मारली. मी धावले. तिने नाइटगाऊनवरच दार उघडलं. ॲम्ब्युलन्सला फोन मी केला.

दफन झाल्यावर दहा-बारा दिवसांनी असोसिएशनची लॉर्ना आमच्याकडे आली. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल, जिना चढून चेहरा लाल झालेला. बाई स्वभावाने चांगली.

"मिसेस बेअर्ड, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "इशबेल रँकिन म्हणते, ती दोन वर्षं आईजवळच राहत होती. तसं असेल तर घर तिच्या नावावर होऊ शकतं. पण आमच्याकडे तशी नोंद नाही. आईने पत्र पाठवलं होतं म्हणते, ते काही सापडत नाही. म्हणून शेजाऱ्यांना विचारतेय. ती इथे राहायची का?"

ते पत्र मीच पोस्टात टाकलं होतं. मिसेस रँकिननी माझ्या हातात दिलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "नेटा, तिकीट नीट चिकटलंय ना बघ गं."

आतल्या खोलीत आर्ची खोकत होता. तो खोकला एकदा सुरू झाला की थांबत नसे. लॉर्नाही ऐकत होती.

मी म्हणाले, "येता-जाताना दिसायची हो ती. पण कायमची राहायला होती का, ते मला नाही सांगता येणार."

"म्हणजे तुम्हाला खात्री नाही?"

"तिचं पेजलीला घर आहे ना?" मी म्हणाले. "निदान होतं."

लॉर्नाने लिहून घेतलं. पहिल्या मजल्यावर नवीन लोक होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. दुसरा मजला रिकामा होता. म्हणजे तिला सांगणारी मी एकटीच होते. ती गेली आणि तासाभरात इशबेल सूपचं पातेलं घेऊन वर आली. "आर्चीला आवडतं तसं बार्ली घालून केलंय," म्हणाली. मी पातेलं घेतलं. तिला आत बोलावलं नाही. शेगडीवर दूध ठेवलंय म्हणून सांगितलं. शेगडी बंद होती.

मे महिन्यात इशबेलला घर सोडावं लागलं. शेवटच्या दिवशी ती निरोप घ्यायला आली. मला मिठी मारली आणि म्हणाली, "आईला तुम्ही फार जपलंत, आंटी." असोसिएशनबद्दल एक वाईट शब्द बोलली नाही. नियम आहे म्हणाली, पत्र सापडलं नाही, कुणाचा इलाज नाही. शेजाऱ्यांना विचारलं होतं हे तिला माहीतच नव्हतं.

जूनमध्ये चावी आमच्या हातात आली.

भिंती इशबेलने मागच्याच वर्षी रंगवल्या होत्या. न्हाणीघरात आईसाठी बसवलेली दांडी होती, ती आता आर्ची धरायचा. स्वयंपाकघराच्या कपाटांवर ठळक अक्षरांत कागद चिकटवलेले होते: "साखर", "कप", "हे उघडू नको, आई". ते कागद काढायला मला आठवडा लागला. ओले करून नखांनी खरवडत बसायचे आणि मध्येच थांबायचे.

आर्ची मात्र नव्याने जगायला लागला. मागच्या दाराने तो स्वतः बागेत जाऊन खुर्चीवर बसायचा. येणारे-जाणारे फाटकाशी थांबून बोलायचे. "काय आर्ची, जमिनीवर उतरलास अखेर!" तो हसायचा. मी आतून बघायचे आणि मला आनंद व्हायचा.

मी खोटं बोलले नाही, असं मी मनाशी घोकत होते. नाही सांगता येणार, एवढंच म्हणाले. एकदा जेवताना हेच मोठ्याने बोलून गेले आणि आर्चीने काटा खाली ठेवला.

"काय नाही सांगता येणार?"

मग सगळं सांगितलं.

"तुझ्यासाठी केलं रे," मी म्हणाले.

"माझं नाव घेऊ नकोस." त्याला दम लागला, पण तो थांबला नाही. "मला विचारलं होतंस? मी त्या खिडकीत मेलो असतो ना नेटा, तरी चाललं असतं. ती पोरगी माझी बटाट्याची पोती वर वाहायची. आणि मी इथे तिच्या आईच्या बागेत राजासारखा बसतोय, सगळ्या गल्लीला हात करतोय!"

दोन दिवस तो बागेत गेला नाही. तिसऱ्या दिवशी मी कोट घातला आणि बस धरली.

इशबेलला तात्पुरती सोय म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला एका जुन्या लॉजमध्ये खोली मिळाली होती. खोलीत एक पलंग, एक किटली आणि भिंतीला लावून ठेवलेली खोकी. मला बघून तिचा चेहरा उजळला. "आंटी! एवढ्या लांब? बसा, बसा, पलंगावरच बसा, खुर्ची काही दिली नाही त्यांनी." ती चहा करायला लागली.

"चहा नको," मी म्हणाले. "आधी ऐक. लॉर्नाने मला विचारलं होतं, तू तिथे राहायचीस का. मी म्हणाले, सांगता येणार नाही."

किटलीचा आवाज वाढत गेला आणि बटण टक्कन बंद झालं.

"पण तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"त्या सकाळी दार मीच उघडलं होतं. नाइटगाऊनमध्ये."

"हो. आणि तुझ्या आईचं पत्र मीच पोस्टात टाकलं होतं."

मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला.

"नका बोलू. इथे रोज मला वाटायचं, माझीच चूक. आपण पत्राची नक्कल ठेवायला हवी होती. आईला शेवटी शेवटी रागावले म्हणून ही शिक्षा मिळाली, असंसुद्धा वाटायचं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "जा तुम्ही, आंटी. बस चुकेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी असोसिएशनच्या ऑफिसात जाऊन लॉर्नासमोर बसले. सगळं सांगितलं, लिहून दिलं, खाली सही केली. "घर परत घ्या," म्हणाले.

लॉर्नाने चष्मा काढून डोळे चोळले. "आणि मिस्टर बेअर्डना कुठे नेणार? तुमचं वरचं घर तर दिलं दुसऱ्या कुटुंबाला. दोन लहान पोरं आहेत त्यांना."

"मग माझ्या एका शब्दावर तिचं घर गेलं का?"

"एका शब्दावर नाही. पत्र आम्हीच हरवलं असणार, ती चूक आमची. पण तुम्ही हो म्हणाला असता, तर मी तिच्या बाजूने लिहिलं असतं. खोटं कशाला सांगू?"

पंधरा दिवसांनी आम्हाला कडक शब्दांतलं पत्र आलं. आर्चीच्या तब्येतीमुळे घर राहिलं. इशबेलच्या प्रकरणाची फेरतपासणी झाली, आणि चूक झाली असं असोसिएशनने तिला लेखी कळवलं. ऑक्टोबरमध्ये तिला घर मिळालं, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. सर्वात वरच्या मजल्यावर. गोव्हनमध्ये तेवढंच रिकामं होतं.

ती अधूनमधून आर्चीला भेटायला येते. बाजूच्या फाटकातून थेट बागेत. दोघं फुटबॉलवरून भांडतात, त्याचं खोकतखोकत हसणं मला आत ऐकू येतं. माझ्याशी ती बोलते, पण कामापुरतं. आंटी म्हणत नाही. काहीच म्हणत नाही, नुसतं वाक्य सुरू करते.

परवा ती कुदळ घेऊन आली. "आईचा रुबार्ब न्यायचाय," म्हणाली. तिच्या आईने बागेत लावलेली ती आंबट लाल देठांची भाजी. "खिडकीत कुंडीत लागतो का बघते."

"ने ना," मी म्हणाले. "सगळा ने."

जमीन थंडीने घट्ट झाली होती. ती खणत होती, मी गोणपाट उघडं धरून उभी होते. गड्डा मोठा होता, बऱ्याच वर्षांचा. तिने तो बाहेर काढला, कुदळीने मधोमध तोडला आणि एक भाग गोणपाटात टाकला. दुसरा परत खड्ड्यात ठेवून त्यावर पायाने माती सारली.

"हा राहू दे," ती म्हणाली. "आर्चीला आवडतो."

मी चहाचं विचारलं. बस नाही, काही नाही, दोन गल्ल्यांवर तर घर. तरी ती नको म्हणाली, गोणपाट खांद्यावर घेतलं आणि फाटक लावून गेली. तिच्या घराच्या पायऱ्या किती, हे मी अजून विचारलेलं नाही.