शेजारणीहून उंच

मी रायगवत बोलतोय. गाईंच्या कुरणातलं साधं गवत. आणि हो, मी जळफळाटच ऐकवणार आहे. ज्याला समंजस बोलणं ऐकायचं असेल त्याने खुशाल पलीकडच्या वाफ्यात जावं. तिथे माझी शेजारीण आहे.

कॉर्क परगण्यातल्या या ओल्या उतारावर फाख्तना शेतकऱ्याने मला त्याच्या लग्नाच्या वर्षी पेरलं. त्याच्या गाई माझ्यावर पोसल्या. लोणी पिवळंधमक व्हायचं ते माझ्यामुळे, आणि कौतुक व्हायचं गाईंचं! तेही मी सोसलं.

मग त्याची मुलगी गोबनेट शेतकी शिकून परत आली आणि तिने माझ्या शेजारी गवताचं नवं वाण पेरलं. रुंद, मऊ, चकचकीत पानांचं. रोज त्या शेजारणीपाशी उकिडवी बसायची, पानं चुरगाळून हुंगायची. माझ्याकडे ढुंकूनही बघायची नाही. माझ्या पोटात दुखायला लागलं.

"बाबा, दोन्ही तपासून घेऊ," ती म्हणाली. "जे गाईला जास्त पचेल, ज्यात साखर नि प्रथिनं जास्त, ते ठेवायचं. दुसरं नांगरायचं."

"अगं, तुझ्याहून वयाने मोठं आहे ते. जरा मान ठेव."

"ठेवते की! पण गाई मानावर दूध देत नाहीत ना!"

मग मी इरेला पेटलो. शेजारीण सावलीत गेली पाहिजे, एवढं एकच डोक्यात. दांडे काढले, तुरे काढले, फाख्तनाच्या गुडघ्याच्या वर गेलो. "बघ, म्हातारा कसा उठलाय!" तो ओरडला. ती बया आपली जमिनीलगत पानंच पानं करत बसलेली. मला वाटलं, हरली.

गोबनेटने दोघांच्या पेंढ्या कापून तपासणीला पाठवल्या. साखर तिच्यात, प्रथिनं तिच्यात, पचायलाही तीच हलकी. माझे दांडे म्हणजे निव्वळ काड्या. कोवळा असताना मीही गोड होतो हो. ईर्ष्येपायी सगळं उंचीत घातलं.

फाख्तनाला पटेना. "गाईंनाच विचारू," म्हणत त्याने फाटक उघडलं. त्याची लाडकी थोरली गाय थेट माझ्याकडे आली. तिने एक तुरा तोंडात घेतला, तसाच खाली टाकला आणि पलीकडे गेली. बाकीच्या तिच्यामागे.

"बाबा..." गोबनेट हळूच म्हणाली.

"कळलं गं. नांगर." आणि तो चहाला म्हणून घराकडे वळला, तो मागे न बघता.

उद्या नांगर येणार आहे. गेले काही दिवस गाई रोज मलाच तुडवत तिच्याकडे जाताहेत. जाऊ देत. माझं पिकलेलं बी त्यांच्या खुरांच्या चिखलातून तिच्या वाफ्यात पोचलंय, तिला सांगू नका. पुढच्या वसंतात गोबनेट तिथे बसेल, एक कोवळं पान चुरगाळेल, हुंगेल. ते माझं असेल.

उंच व्हायचं नाही, असं मी प्रत्येक बियाला बजावून धाडलंय. पण ऐकतील असं वाटत नाही. शेजारी ती असणार ना!