ईशान्येचा खांब आधी

मी तोंडाची फटकळ, हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक आहे. त्या गुरुवारी मात्र तोंडाआधी मला पाय चालवावे लागले.

निजामाबादच्या अलीकडे आमचा स्टार्चचा कारखाना. तीन बॉयलर. त्यांच्या नळ्यांची जाडी किती उरली ते दर महिन्याला मोजतात आणि मी त्याचा तक्ता काढून, प्रत्येक बॉयलरचा एक उभा खांब, बैठकीत पडद्यावर लावते. ज्याचा खांब बुटका, त्याच्या नळ्या पातळ. तो बंद करून दुरुस्त करायचा आणि धडधाकट असेल त्यानं त्याचा भार उचलायचा.

त्या सकाळी नवे मॅनेजर चलपती साहेब माझ्या डोक्यावर येऊन उभे.

"श्यामलम्मा, एक नंबर पहिला कशाला? तीन नंबर ईशान्येला आहे. ईशान्य आधी!"

"साहेब, तक्त्याला कसली आलीय वास्तू?"

"सगळ्याला असते! माझ्या मेहुण्यानं नैऋत्येला दार काढलं, वर्षात दुकान बसलं. हलव."

हलवते बापडी! खांबांखालची नावं मी वेगळी, हातानं टाईप करते. कॉम्प्युटरची अक्षरं बारीक येतात म्हणून. आधी नावं बदलली: तीन, दोन, एक. मग खांबांचा क्रम बदलायची खिडकी उघडली, बाण दाबून तीनला वर चढवलं, तोच साहेब ओरडले, "चल चल, मुहूर्त टळतोय!" मी खिडकी मिटली आणि पळाले. 'ओके' दाबायचं राहिलं.

बैठकीत ठरलं, तीन नंबर बंद. एक नंबर ठणठणीत, सगळा भार त्याच्यावर. राहूकाळ संपला की, बरोबर तीन वाजता चढवा, असं साहेब म्हणाले.

पावणेतीनला कागद फाईलला लावताना मूळ आकडे डोळ्यांखाली आले. एक नंबरच्या नळ्या दोन मिलिमीटर. असायला हव्यात चार. पुन्हा वाचलं. नावं फिरली होती आणि खांब जागचे हललेच नव्हते. फुटायला आलेला बॉयलर मी ठणठणीत म्हणून दाखवला होता. त्याच्यासमोर आज पाळीला कोमुरय्या, माझा काकय्या, म्हणजे चुलता. बाप गेल्यावर त्यानंच मला शिकवलं.

साहेबांना सांगितलं तर त्यांचं तोंड पांढरं पडलं.

"तक्ता हैदराबादला वरच्या साहेबांकडे गेलाय गं. उद्या गुपचूप बदलू. एका दिवसात काय होतंय?"

"आणि झालं म्हणजे?"

"तोंड सांभाळ!"

"तुमची ईशान्य घाला चुलीत!" मी म्हणाले आणि धावत सुटले.

बॉयलरवर मोबाईल नेऊ देत नाहीत आणि तिथल्या घरघरीत फोनची घंटा कुणाला ऐकू येणार? चप्पल अंगणातच सुटली. जिन्यात होते तेवढ्यात तीनचा भोंगा झाला. मला वाटलं, संपलं सगळं.

काकय्याचा हात भार चढवायच्या चाकावर होता. मला बघून हसला.

"काय गं, वाघ लागलाय मागे?"

"थांब, काकय्या! भार चढवू नकोस!"

"का? मी सगळ्यांना सांगितलंय, तक्ता आमच्या श्यामीनं काढलाय, डोळे झाकून चढवा."

"मी चुकले रे. पातळ हाच आहे. हाच!"

त्यानं इंधन बंद केलं, बाकीच्यांना हाकलून खाली पाठवलं. मलाही.

"तू पण चल ना!"

"वाफ कोण उतरवणार? तुझा साहेब? जा म्हणतो ना!"

फाटकापाशी उभी राहून मी वीस मिनिटं त्या धुराड्याकडे बघत होते. एल्लम्मा, त्याला सुखरूप आण, माझी नोकरी गेली तरी चालेल, एवढंच म्हणत होते. शेवटी तो घाम पुसत बाहेर आला आणि मी धावत जाऊन त्याचा हात धरला.

दोन दिवसांनी त्यानं कापलेल्या नळीचा तुकडा माझ्या टेबलावर ठेवला. मी पट्टी लावून त्याचा काठ मोजला: जेमतेम दोन मिलिमीटर.

नोकरी राहिली. तक्ताही मीच काढते. पण आता दर महिन्याला काकय्या चष्मा लावून माझ्या शेजारी बसतो आणि माझ्या खांबांवर बोट ठेवून एकेक आकडा ताडून बघतो.