आठवा चमचा

“काका, इथं चमचे पेरले होते का?” प्लंबरने खड्ड्यातून विचारलं.

तो बागेत फुटलेला पाइप शोधत होता. पाइप अजून सापडला नव्हता, चमचा मात्र हा तिसरा. काकांनी अंगठ्याने माती पुसली. दांड्यावर वेलबुट्टी होती. लग्नात आलेल्या डझनातलाच.

काका एकतीस वर्षं एका कार्यालयात भांडारपाल होते. त्यांच्या काळात भांडारातून टाचणीसुद्धा हलली नाही, असं निरोपसमारंभात साहेब म्हणाले होते, आणि ते खरंच असल्यामुळे कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. भांडारात बत्तीस खुरपी होती. त्यातलं एकही घरी न आणण्याइतके काका प्रामाणिक होते. बायको झाडांसाठी एक खुरपं मागायची. विकत आणायचं ते राहून गेलं. तिने मग माती कशाने उकरली, हे विचारायचंही राहून गेलं.

एकोणीस वर्षांपूर्वी आठ चमचे कमी भरले, तेव्हा काकांनी कार्यालयीन पद्धतीने तपास केला. उरलेले चार टेबलावर मांडले आणि भांडी घासणाऱ्या बाईला समोर उभं केलं. ती एवढंच म्हणाली, “चमचे नेऊन काय करू, साहेब? त्यात घ्यायला आधी काही हवं ना घरात.”

बायको पाठमोरी उभी होती. ती ओटा पुसत राहिली.

बाई गेली. दुसरी ठेवू, असं काका म्हणाले तर बायकोने नको म्हटलं आणि मरेपर्यंत भांडी स्वतः घासली. बागेत जाणंही सोडलं. कंबर धरत असेल, असं काकांना वाटलं. त्यानंतर एकही चमचा हरवला नाही. तपास यशस्वी झाल्याची त्यांची खात्रीच पटली.

दुपारपर्यंत पाइप सापडला आणि चमचे सात झाले. काकांनी ते घासले, रुमालात गुंडाळले आणि पत्ता विचारत गावाच्या दुसऱ्या टोकाला शिंप्याच्या दुकानाच्या वर राहणाऱ्या त्या बाईचं दार वाजवलं. तिचे केस पांढरे झाले होते. तिने ओळखलं, खुर्ची दिली. काकांनी रुमाल तिच्यापुढे उलगडला. वाटेत जुळवलेलं वाक्य ऐन वेळी सरकारी होऊन बाहेर पडलं.

“तपासात चूक झाली होती.”

बाईने रुमालाकडे पाहिलं. “ताई दुपारच्या माती उकरायच्या चमच्यानं. दूध उतू जायला लागलं की तिथंच टाकून आत पळायच्या.”

“मग तेव्हा का नाही बोललात?” काकांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तिला अहो-जाहो केलं.

“ताई तिथंच उभ्या होत्या की.”

ताई कशा आहेत, असं तिने विचारलं. चार वर्षं झाली जाऊन, असं त्यांनी सांगितलं. बाईने पाणी आणून दिलं. मग बोटाने चमचे मोजले.

“सातच आहेत.”

“हो.”

“तुम्ही आठ म्हणाला होतात.”

“म्हणालो होतो.”

“मग आठवा माझ्याच नावावर राहू द्या, सापडेपर्यंत,” असं म्हणून तिने रुमाल परत त्यांच्याकडे सरकवला.

प्लंबर खड्डा बुजवून गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काका वाळलेल्या गुलाबाच्या बुंध्याशी उकिडवे बसले. खुरपं घरात अजूनही नव्हतं. त्यांनी सातांतला एक चमचा घेतला आणि माती उकरायला सुरुवात केली.